संगणक-आज्ञावलीचे नूतनीकरण: प्रत आणि भेद
नांदेड वा लातूर येथील एखाद्या महाविद्यालयातील ४० संगणक दीड गिगाबाइटचे एकच नूतनीकरण स्वतंत्रपणे उतरवून घेतात, असे मानू. सेकंदाला २० मेगाबिटांच्या सामाईक जोडणीवर यास ६ तास ४० मिनिटे लागतील. म्हणजे प्रात्यक्षिकांचा दिवसच गेला! एकच प्रत आणून ती आत वाटल्यास जोडणी १० मिनिटांत मोकळी होते. परंतु खरा अपव्यय निराळाच आहे. त्या प्रतीतील बराचसा भाग यंत्रावर आधीपासूनच असतो. मग केवळ भेदच का पाठवू नये? अडचण अशी की, मूळ आज्ञावलीत एक ओळ घातली तरी पुढील पत्ते सरकतात आणि अल्प बदलही सर्वत्र पसरलेला दिसतो. गूगलच्या ‘कूर्जेट’ पद्धतीत (२००९) पत्त्यांना आधी सांकेतिक नावे देऊन मगच भेद काढला जातो. क्रोमच्या एका नूतनीकरणाची संपूर्ण प्रत १,०३,८५,९२० बाइटांची होती. ‘बीएसडिफ’ने काढलेला भेद ७,०४,५१२ बाइटांचा, तर कूर्जेटचा अवघा ७८,८४८ बाइटांचा भरला.