खाऱ्या पाण्याची टाकी आणि परीक्षानळीचा कौल

सांगली जिल्ह्यात खारे पाणी म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या भागांत अतिसिंचनामुळे आणि निचऱ्याच्या अभावामुळे क्षारपड झालेल्या जमिनी सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा जिल्ह्यात मुद्दाम खारे पाणी तयार करून ते काचेच्या टाकीत जपावे, ही कल्पना प्रथम विचित्र वाटेल. परंतु समुद्र ज्यांच्या घरापासून रस्त्याने दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आंबा घाट उतरल्याखेरीज ज्यांना तो दिसत नाही, अशा मुलांना सागरी जीवनाची ओळख करून देण्याचे ते एक उत्तम साधन आहे. शाळा, महाविद्यालये व विज्ञान केंद्रे अशी टाकी बसविण्याचा विचार करतात तेव्हा काच, दिवे आणि पंप यांचा हिशेब काटेकोरपणे केला जातो. सर्वांत महत्त्वाची बाब मात्र अंदाजपत्रकात नसते. ती म्हणजे चार ते सहा आठवड्यांची प्रतीक्षा आणि त्या काळातील पाण्याची नियमित तपासणी.

आज टाकी भरली, उद्या उद्घाटन, परवा मासे आणि आठवड्याने मेलेले मासे, हा क्रम टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी टाकीत काय घडते हे समजून घेतले पाहिजे.

समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी नव्हे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले आणि २०२० च्या टाळेबंदीपासून ते बंद झाले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी सागरी मासा जिवंत असा प्रथम तेथेच पाहिला. रत्नागिरीस १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र असून ते आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. या दोन्ही ठिकाणी समुद्र दाराशी होता. सांगलीत तो पोत्यातून आणावा लागतो, म्हणजे मत्स्यालयांसाठी मिळणारे तयार सागरी क्षारमिश्रण गोड्या पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी तयार करावे लागते.

येथे स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या दर किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराईड यांचा वाटा सर्वांत मोठा असला तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाणही ठरलेले असते आणि सागरी जीवांचे शरीर त्या प्रमाणालाच सरावलेले असते. १०० लिटर पाण्यास सुमारे साडेतीन ते पावणेचार किलो मिश्रण लागते. मिश्रण वेगळ्या भांड्यात, पंपाने पाणी फिरवत, किमान एक दिवस विरघळू द्यावे. २५ अंश तापमानास पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले म्हणजे खारटपणा योग्य झाला.

यासाठी लागणारे गोडे पाणीही निवडून घ्यावे. विंधणविहिरीच्या पाण्यात नायट्रेट व इतर क्षार आधीच असण्याचा संभव असतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते आणि ज्या उपयुक्त जीवाणूंना आपण वाढवू पाहतो त्यांनाही ते मारते. आर.ओ. यंत्रातून आलेले पाणी सर्वांत चांगले. अनेक गावांतील शुद्धजल केंद्रांत ते उपलब्ध असते.

डोळ्यांना न दिसणारे कामगार

मासा खातो आणि विष्ठा टाकतो. कल्ल्यांवाटे तो सतत अमोनियाही बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. टाकीत तो साठत जातो आणि त्याचे प्रमाण वाढले की माशाचे कल्ले होरपळतात.

निसर्गाने या अमोनियाची विल्हेवाट लावण्याचे काम सूक्ष्मजीवांकडे सोपविले आहे. एक गट अमोनियाचे नायट्राईट करतो. दुसरा गट नायट्राईटचे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट हे तुलनेने बरेच कमी घातक असते. ही क्रिया केवळ रासायनिक नसून सजीवांकडून होते, हे श्लेझिंग व मुंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली सांडपाणी वाळूतून झिरपवून दाखवून दिले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी असे जीवाणू वेगळे करून वाढविले.

ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्याला ही क्रिया अपरिचित नाही. शेतात टाकलेल्या युरियापासून प्रथम अमोनिया बनतो आणि मातीतील याच कुळातील जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. गोबरगॅस संयंत्रात पहिल्या दिवशी शेणकाला भरला म्हणून त्याच दिवशी शेगडी पेटत नाही. आतील जीवाणूंची वाढ होईपर्यंत थांबावेच लागते. नव्या टाकीचेही तसेच आहे. तिचे पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असले तरी त्या पाण्यात काम करणारे कोणी नसते. हे कामगार पाण्यात तरंगत नाहीत. ते गाळणीतील सच्छिद्र कड्या, दगड व वाळू यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. म्हणून टाकीत सच्छिद्र पृष्ठभाग भरपूर असावा. एखाद्या जुन्या, निरोगी सागरी टाकीच्या गाळणीतील मूठभर कड्या मिळाल्यास त्या विरजणासारख्या उपयोगी पडतात.

मासा न सोडता टाकी तयार करणे

पूर्वी टाकी तयार करण्यासाठी एखादा काटक, स्वस्त मासा सोडण्याची पद्धत होती. तो जगला तर टाकी तयार झाली असे मानत. ही पद्धत क्रूर आहे आणि अनावश्यकही आहे. जीवाणूंना हवा असतो तो अमोनिया, आणि तो बाटलीतूनही देता येतो.

अमोनियम क्लोराईड म्हणजे कल्हईवाल्यांच्या परिचयाचा नवसागर. बाजारातील नवसागरात भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा. ६ ग्रॅम अमोनियम क्लोराईड १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावे. या द्रावणाचे १०० मिलिलिटर १०० लिटरच्या टाकीत घातले की अमोनियाचे प्रमाण दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होते. एवढे पुरेसे आहे. ५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास जीवाणूंची वाढच खुंटते. तापमान २६ ते २८ अंश ठेवावे, पाणी व हवा रात्रंदिवस खेळती ठेवावी आणि शेवाळ माजू नये म्हणून दिवे बंद ठेवावेत.

पहिल्या एकदोन आठवड्यांत अमोनिया हळूहळू उतरू लागतो व नायट्राईट चढू लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास नायट्राईट शिखर गाठते आणि मग खाली येते. नायट्रेट मात्र वाढत जाते. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा थोडी मात्रा द्यावी, अन्यथा पहिल्या गटाची उपासमार होते. खाऱ्या पाण्यात हे चक्र गोड्या पाण्यापेक्षा सावकाश पूर्ण होते. चार ते सहा आठवडे लागतील असे धरूनच कार्यक्रमाची तारीख ठरवावी.

परीक्षानळीचा कौल

टाकी तयार झाली किंवा नाही हे डोळा सांगू शकत नाही; ते परीक्षानळीच सांगते. अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट आणि सामू या चार तपासण्या आवश्यक आहेत. पहिल्या महिन्यात त्या दर दोन दिवसांनी कराव्यात आणि खारटपणा व तापमान यांची नोंद रोज ठेवावी.

तपासणी करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संच खाऱ्या पाण्यासाठी योग्य आहे ना, हे प्रथम पाहावे. नेसलर द्रावणावर आधारलेल्या अमोनियाच्या चाचणीत समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे गढूळपणा येतो, शिवाय त्या द्रावणात पाराही असतो. म्हणून सॅलिसिलेट पद्धतीचा, हिरवा रंग देणारा संच घ्यावा. औषधाची मुदत तपासावी. नळी आधी त्याच पाण्याने विसळावी. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरून वाचावा आणि सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून मोजावीत. नायट्रेटच्या चाचणीत नायट्रेटचे आधी नायट्राईट केले जाते. त्यामुळे टाकीत नायट्राईट शिल्लक असताना नायट्रेटचा आकडा खोटाच मोठा दिसतो. त्या काळात त्यावर विसंबू नये.

सामूकडे विशेष लक्ष द्यावे लागते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो. पाण्यातील अमोनियाचा काही भागच विषारी स्वरूपात असतो, परंतु सामू एकाने वाढला की तो भाग सुमारे दहापट होतो. म्हणजे गोड्या पाण्यातील माशाने सहन केलेले प्रमाण खाऱ्या टाकीत प्राणघातक ठरू शकते. नायट्राईटच्या बाबतीत उलट आहे. समुद्राच्या पाण्यातील क्लोराईडमुळे ते माशाच्या शरीरात कमी शिरते. तरीही नायट्राईट दिसणे म्हणजे जीवाणूंचा दुसरा गट अजून तयार झालेला नाही, असाच अर्थ घ्यावा.

अंतिम परीक्षा सोपी आहे. २ मिलिग्रॅम अमोनियाची मात्रा द्यावी आणि २४ तासांनी पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राईट दोन्ही शून्य आले तर टाकी उत्तीर्ण झाली. मग निम्म्याहून अधिक पाणी बदलून नायट्रेट दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत आणावे आणि एकच मासा सोडावा. दुसरा मासा दोन आठवड्यांनंतर, आणि तोही तपासणीचे आकडे पाहूनच सोडावा.

सांगलीच्या हवेतील दक्षता

येथील उन्हाळ्यात टाकीतील पाणी झपाट्याने आटते. आटते ते पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून घटलेली पातळी भरून काढताना गोडे पाणीच घालावे, खारे घालू नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि वीज गेली की पंपही थांबतो. मासे व जीवाणू दोघेही प्राणवायूवर जगतात. त्यामुळे विजेरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असणे हा चैनीचा खर्च नव्हे.

बदललेले खारे पाणी शाळेच्या बागेत, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. १०० लिटरमध्ये साडेतीन किलो क्षार असतात, आणि क्षारपड जमिनीचे दुःख भोगणाऱ्या जिल्ह्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. प्लास्टिकच्या पसरट घमेल्यात ते पाणी उन्हात आटवावे. तळाशी उरलेला पांढरा थर मुलांना दाखवावा. जमीन खारावते कशी, याचा धडा त्यांना वेगळा द्यावा लागणार नाही.

कायद्याची मर्यादा

सागरी टाकी म्हटले की चित्रांतील रंगीत प्रवाळ डोळ्यांसमोर येतात. आपल्या देशात सर्व कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. प्रवाळाचे तुकडे ‘जिवंत खडक’ म्हणून कोणी देऊ केल्यास शाळेने ते घेऊ नयेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा जलमग्न उंचवटा किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. त्यांचे स्थान समुद्रातच आहे. टाकीसाठी क्लाउनफिशसारखे मासे बीजोत्पादन केंद्रात वाढविलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे.

टाकीपासून विहिरीपर्यंत

या सर्व खटाटोपाचा गावाला काय उपयोग, असा प्रश्न पंचायत सदस्य विचारतील आणि तो रास्त आहे. टाकीत जे चक्र चालते तेच विहिरीच्या भोवती चालते. उकिरडा, गोठा, शोषखड्डा आणि जादा खत यांतील नत्राचे शेवटी नायट्रेट होते आणि ते झिरपून विहिरीत उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. अधिक असल्यास वरच्या दुधावरील तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. हे पाणी स्वच्छ दिसते, त्याला वास येत नाही आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट ते अधिक दाट होते.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासणीचे संच गावांना देण्याची आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना त्यांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचातील औषधे गोड्या पाण्यासाठी असतात, म्हणून ती टाकीसाठी वापरू नयेत. परंतु तपासण्याची पद्धत एकच आहे. सहा आठवडे वहीत आकडे लिहून, घाई न करता, आकडा शून्यावर आल्यावरच मासा सोडणारा विद्यार्थी उद्या आपल्या आडाचे पाणीही ‘स्वच्छ दिसते’ एवढ्यावर पिणार नाही. तो परीक्षानळी मागेल. शाळेने टाकीवर केलेला खर्च त्या दिवशी वसूल झाला असे समजावे.