आरातले भरीत



आपल्या उसाच्या पट्ट्यात एक गंमत आहे. शेताला बारमाही पाणी, पण भाजी मात्र आठवडी बाजारातून विकत आणायची. पूर्वहंगामी ऊस पहिले तीन-चार महिने लहान असतो. मोठ्या बांधणीआधी निघेल अशा बेताने काहीजण सरीत बीट, गाजर घेतात. चांगला माल बाजारात जातो. भेगाळलेले, दोन पायांचे, फार फुगलेले बीट व्यापारी बाजूला टाकतो आणि ते थेट गोठ्यात जाते. भाव पडला तर सगळी सरीच गोठ्यात. घरच्या बाईला विचारतो कोण? तिला विचारले असते तर तिने ते भाजून भरीत केले असते.

भरीत म्हटले की वांगे, असे आपल्या डोक्यात बसले आहे. पण कंदाचे भरीत त्याहून सोपे, आणि भाकरीला लावून खायला फार नामी. फक्त कंद उकडायचा नाही, भाजायचा. बीट चिरून उकडले की त्याचा रंग आणि गोडी पाण्यात उतरते आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. म्हणजे रस ओतून चिपाड खाण्यातलाच प्रकार! बीटातली साखर ही उसातलीच साखर बरं का. १७४७ साली मार्ग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती बीटातून वेगळी करून दाखवली आणि १८०१ साली सायलेशियात बीटाचा पहिला साखर कारखाना उभा राहिला. ते साखरेचे बीट पांढरे, आपले लाल, पण जात एकच.

रताळ्याचे वेगळे. त्यात साखर थोडी आणि पिठूळपणा जास्त. मंद आचेवर ते हळूहळू तापले की त्याच्याच अंगातले एक द्रव्य त्या पिठाची माल्टोज नावाची साखर करते. भडक जाळात हे द्रव्य लवकर निकामी होते. म्हणून आरातले रताळे कुकरमधल्या रताळ्यापेक्षा गोड लागते. उतारा वाढतो म्हणा ना!

घरी गॅस आला तरी अंघोळीचे पाणी तापवायची चूल बहुतेक वाड्या-वस्त्यांवर अजून आहे. पाणी काढून झाले की तिच्यात आर उरतो, तोच कामाला येतो. दोन मध्यम बीट घ्यावेत. पाल्याचा बोटभर देठ ठेवावा, खालची शेपटी तोडू नये, नाहीतर रस गळतो. दोन रताळी आणि लसणाचा एक अख्खा गड्डा घ्यावा. बीट गरम राखेत पुरून वर गोवरीचा आर ओढावा. बीटाला तासभर तरी लागतो. रताळी मागाहून घालावीत, ती अर्ध्या-पाऊण तासात होतात. लसूण शेवटी, तो लगेच करपतो. सुरी सहज आत गेली की झाले. चूल नसेल तर तेलाचा हात लावून, जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून, बारीक गॅसवर उलटसुलट करीत भाजावे.

साले काढून रताळी हाताने कुस्करावीत, बीट किसावे, लसूण पिळून काढावा. वाटीभर दही तासभर फडक्यात टांगून घट्ट केलेले असावे. नुसते दही घातले तर भरीत पळते. दोन भाजलेल्या मिरच्या, मूठभर दाण्याचे कूट, मीठ आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. उपवासाला करायचे तर फक्त रताळी घ्यावीत, लसूण व मोहरी-हिंग वगळून तुपात जिरे टाकावे. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना हे फार सोसते. मधुमेहवाल्यांनी रताळे बेतानेच घ्यावे. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नये, तो बीटाचाच रंग.

दही घातलेले भरीत त्याच दिवशी संपवावे. पहाटे रानात जायचे असेल तर कुस्करलेला गर रात्री थंड जागी झाकून ठेवावा आणि दही शिदोरी बांधताना घालावे. आणि मालकांनो, यंदा बीट काढाल तेव्हा बांधाकडची एक सरी घरासाठी सोडा.