इंजिनावर चालणाऱ्या यंत्रांस कोणतें वंगण घालावें?

द्राक्षाचा नवा मांडव उभा राहत असतो तेव्हां, गांव निफाडकडील असो वा दिंडोरीकडील, बांधावर एखादें लहान इंजिन धडधडत असलेलें बहुधा दिसतें. शेतांतील वीज दिवसा मिळेल कीं रात्रीं, ह्याचा भरंवसा नसल्यामुळें लोखंडी अँगल जोडण्यास इंजिनावर चालणारें वेल्डिंग मशीनच आणावें लागतें. त्याशिवाय जनरेटर आहे, फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवेळीं पाऊस होऊन केवड्याची फवारणी तांतडीनें करावयाची असतां ट्रॅक्टरचें इंजिन बसलें, तर बागेचें नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून मोठें होऊं शकतें. म्हणूनच दुकानदारानें "सिंथेटिक घाला व निर्धास्त रहा" असें म्हटलें कीं शेतकरी जादा पैसे मोजावयास तयार होतो. ते पैसे कोठें सार्थकीं लागतात व कोठें वायां जातात, हें पाहूं.

जमिनींतून निघालेलें खनिज तेल शुद्ध करून साधें वंगण तयार होतें. त्यांत लहानमोठे नाना प्रकारचे रेणू राहतात व उष्णतेनें त्यांतील दुबळे आधीं बिघडतात. खरें कृत्रिम तेल कारखान्यांत सारख्या रेणूंची जुळणी करून बनवितात. म्हणून तें उष्णता अधिक सोसतें व कडक थंडींतही वाहतें राहतें. परंतु अमेरिकेंत १९९९ सालीं दोन मोठ्या तेल कंपन्यांच्या तंट्यांत जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळानें, अतिशय शुद्ध केलेल्या खनिज तेलासही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाहीं, असा निर्णय दिला. तेव्हांपासून हा शब्द सैल झाला आहे. डब्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षां बारीक अक्षरें वाचावीं तीं याचसाठीं.

बारीक अक्षरांत प्रथम दाटपणाचा अंक पाहावा. १५डब्ल्यू-४० ह्यांतील डब्ल्यू हें अक्षर हिंवाळ्याचें होय. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरविण्याची परीक्षा शून्याखालीं २० अंशांवर घेतात, व ५डब्ल्यूची शून्याखालीं ३० अंशांवर. निफाडास थंडीच्या लाटेंत पारा ५ अंशांखालीं उतरतो आणि बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात हें खरें. परंतु तेवढ्या थंडीस १५डब्ल्यू पुरून उरतें. जो गुण पुढें करून महाग तेल विकलें जातें, त्याची नाशिक जिल्ह्यांत फारशी गरजच पडत नाहीं. दुसरी गोष्ट दर्जाची. डिझेल इंजिनाच्या तेलावर सीआय-४, सीके-४ अशीं चिन्हें असतात. पहिला दर्जा २००२ सालचा, दुसरा २०१६ सालचा. यंत्राच्या पुस्तकांत जो अंक व जो दर्जा सांगितला असेल त्याशीं डबा जुळला नाहीं, तर तें तेल सिंथेटिक असूनही आपल्या कामाचें नव्हे.

आपले खरे शत्रू उष्णता व धूळ. तेलाची उष्णता १० अंश वाढली कीं हवेशीं संयोग होऊन त्याचें बिघडणें सुमारें दुप्पट वेगानें होतें, असा ठोकताळा आहे. वेल्डिंग मशीनचें लहान इंजिन बहुधा हवेनेंच थंड होणारें असतें. एप्रिल-मेच्या उन्हांत पंख्याच्या जाळींत पाचोळा अडकून तें तापूं लागलें म्हणजे साधें तेल लवकर काळवंडतें. येथें सिंथेटिक घेणें योग्य. तेलही लिटर-सव्वा लिटरच लागतें, तेव्हां खर्चाचा बोजा वाटूं नये. मात्र अशा पुष्कळ पेट्रोल इंजिनांत ऑईल फिल्टर नसतो. झिजेचा कीस व काजळी तेलांतच फिरत राहतात. म्हणून नव्या इंजिनाचें पहिलें तेल २० तासांनीं व पुढें दर १०० तासांनीं बदलावें, असें पुस्तकांत सांगितलें असल्यास तो नेम मोडूं नये. सिंथेटिक आहे म्हणून दोनशें तास चालविणाऱ्यानें महाग तेल घेऊन इंजिन मात्र स्वस्तांत घालविलें, असेंच म्हणावें लागेल.

ट्रॅक्टर व मोठे जनरेटर पाण्यानें थंड होतात, त्यांस फिल्टर असतो व तेलही पुष्कळ लागतें. तेथें योग्य दर्जाचें साधें १५डब्ल्यू-४० वेळेवर बदलणें हेंच माझ्या मतें शहाणपणाचें. टर्बो असून दिवसभर पूर्ण भारावर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. वेळ तासांनीं मोजावी. एक तास म्हणजे मोटारीचा सुमारें ५० किलोमीटर प्रवास समजला, तर २५० तास म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर होतात! १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दहा लाखांत १० भागांवर आल्यामुळें तेलांत आम्ल होण्याची भीति कमी झाली. धुळीची झाली नाहीं. एअर क्लीनर फाटका असेल तर कोणतेंही तेल इंजिन वांचविणार नाहीं.

जनरेटर एकदोन दिव्यांवरच तासन्‌तास चालविला तर न जळलेलें डिझेल तेलांत उतरतें व पट्टीवरील तेलाची पातळी वाढते. तेल कमी होत नाहीं म्हणून मालक खूष असतो, आणि इकडे तें पातळ होऊन बेअरिंगें झिजत असतात. पट्टीस डिझेलचा वास आला कीं तास न मोजतां तेल बदलावें. काढलेलें काळें तेल विहिरीच्या काठीं किंवा वेलीच्या बुंध्याशीं ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत सांठवून परवानाधारक खरेदीदारास द्यावें.