मचूळ समुद्र, सात सह्या

२२ मार्च १९७४ रोजी हेलसिंकीत एका करारावर सात देशांनी सह्या केल्या. डेन्मार्क आणि पश्चिम जर्मनी 'नाटो'तले. सोव्हिएत संघ, पोलंड आणि पूर्व जर्मनी वॉर्सा गटातले. स्वीडन आणि फिनलंड मधल्यामध्ये, तटस्थ. दोन्ही जर्मनींनी एकमेकांशी संबंध जोडणारा करार जेमतेम सव्वा वर्षापूर्वी केला होता. त्याआधी त्यांना एका टेबलाशी बसवणंच फार अवघड होतं. बाल्टिक समुद्रात दोन्ही बाजूंच्या पाणबुड्या फिरत होत्या, आणि त्याच समुद्रात कोण काय सोडतं यावर हे देश बोलू लागले होते. एका संपूर्ण समुद्राला लागणारी सगळ्या प्रकारची घाण, म्हणजे जहाजांची, किनाऱ्यावरची आणि हवेतून येणारीही, एकाच करारात आणण्याचा जगातला हा पहिलाच प्रयत्न. त्याला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली.

हा समुद्र कोकणातल्या माणसाला समुद्र वाटणारच नाही. भरती-ओहोटी जवळजवळ नाही. पाणी मचूळ; मध्यभागी खारटपणा महासागराच्या पाचव्या हिश्शाइतका, आणि उत्तरेला बोथनियाच्या आखातात त्याहूनही कमी. गोड्या पाण्यातला पाइक आणि खाऱ्या पाण्यातला कॉड एकाच समुद्रात सापडतात, आणि दोघेही जेमतेम तग धरून असतात. सरासरी खोली पन्नास-पंचावन्न मीटर. बाहेरच्या महासागराशी संबंध फक्त डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून. अरुंद तोंडाच्या हंड्यासारखी ही रचना आहे: आत पडलेलं सहज बाहेर जात नाही. सगळं पाणी बदलायला सुमारे तीस वर्षं लागतात. वर, या समुद्राच्या चौपट क्षेत्रफळाच्या भूभागाचं पाणी नद्यांतून त्यात येतं, आणि त्या भूभागावर साडेआठ कोटी माणसं राहतात. बेलारूस, चेक प्रजासत्ताक, युक्रेन अशा बाल्टिकला किनारा नसलेल्या देशांचाही त्यात वाटा आहे.

काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा कळलं ते पक्ष्यांमुळे. सोरेन येन्सेन हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात प्राण्यांमधलं डीडीटी शोधत होता. त्याच्या आलेखात काही अनोळखी शिखरं पुन्हापुन्हा येत होती. पाइक माशात, शेपटी पांढरी असलेल्या समुद्री गरुडात, सगळीकडे तीच. १९६६ मध्ये त्याने जाहीर केलं की ही पीसीबी आहेत, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी रसायनं. संग्रहालयातली गरुडाची जुनी पिसं तपासल्यावर ती १९४०च्या दशकापासून दिसू लागतात हेही त्याने दाखवलं. डीडीटीमुळे गरुडाच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती. सीलच्या माद्यांची गर्भाशयं बंद होऊन त्या वांझ होत होत्या; त्यामागे मुख्यतः पीसीबी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमध्ये लाखभर करडे सील असावेत असा अंदाज आहे. आधी शिकारीच्या बक्षिसांनी आणि मग रसायनांनी ते १९७०च्या दशकाअखेर चार हजारांच्या आसपास उरले.

करार झाला, पण तो आजच्या नजरेने वाचला तर हसू येतं. देशांच्या अंतर्गत पाण्याला, म्हणजे बंदरं, खाड्या आणि नदीमुखांना, तो लागूच नव्हता. आणि घाण तर नेमकी तिथूनच येत होती. निर्णय सगळ्यांच्या एकमताने, आणि निर्णय म्हणजे शिफारस. न पाळल्यास शिक्षा नाही. अंमल सुरू व्हायला १९८०ची ३ मे उजाडली. त्याआधीच, १९७९च्या फेब्रुवारीत, 'अंतोनियो ग्राम्शी' हे सोव्हिएत तेलवाहू जहाज व्हेंट्सपिल्सजवळ तळाला लागलं आणि सांडलेलं तेल बर्फासोबत वाहत स्वीडन-फिनलंडच्या बेटांपर्यंत गेलं. पूर्वेकडच्या देशांत सांडपाण्याचे आकडे हे राज्याचं गुपित मानलं जाई. म्हणजे एका टेबलाभोवती सात देश, आणि त्यातले जवळजवळ निम्मे आपण किती घाण सोडतो ते सांगायला तयार नाहीत.

तरीही मी त्या पहिल्या पंधरा वर्षांना फुकट गेलेली म्हणणार नाही. त्या काळात दोन्ही गटांतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने घ्यायची पद्धत एक केली. कुठल्या खोलीवर, कुठल्या महिन्यात, कोणत्या उपकरणाने मोजायचं हे ठरवलं. कंटाळवाणं काम, वर्तमानपत्रांत त्याला जागा मिळत नाही. पण पुढे बर्लिनची भिंत पडली तेव्हा बाल्टिककडे तुलना करण्याजोगे आकडे होते. जगातल्या फार थोड्या समुद्रांकडे ते असतात. १९८८ मध्ये मंत्र्यांनी समुद्रात जाऊन शेवाळ वाढवणारं नत्र आणि स्फुरद १९९५पर्यंत निम्मं करू असं जाहीर केलं. ते झालं नाही. मंत्र्यांच्या घोषणेपेक्षा त्या मोजण्या जास्त उपयोगी पडल्या.

खरा पालट १९९० नंतरचा. सप्टेंबर १९९० मध्ये स्वीडनच्या रोनेबी गावात बाल्टिकभोवतीच्या देशांचे पंतप्रधान जमले, एप्रिल १९९२ मध्ये नवा करार झाला. त्यात अंतर्गत पाणी आलं, स्वतंत्र झालेले एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आले, युरोपीय समुदायही सहभागी झाला. पण त्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा कागद माझ्या मते करार नव्हे, एक यादी होती. बाल्टिकच्या खोऱ्यातली सर्वाधिक घाण सोडणारी १३२ ठिकाणं नावानिशी लिहिली गेली. अमुक शहराचं मैलापाणी, अमुक कागद कारखाना, अमुक डुक्करपालन केंद्र. यादीतून नाव निघायचं असेल तर काम करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी ते तपासायचं. समुद्र प्रदूषित आहे या वाक्याने कुणालाच झोंबत नाही. तुमच्या शहराचं नाव यादीत आहे आणि शेजाऱ्याचं गेल्या वर्षी निघालं, हे झोंबतं. गेल्या तीन दशकांत यादीतली बहुतेक नावं वगळली गेली आहेत.

त्यात सगळ्यात मोठं नाव सेंट पीटर्सबर्गचं. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर फिनलंडच्या आखाताच्या टोकाला, नेवा नदीच्या मुखाशी आहे. १९७८पर्यंत त्याचं जवळजवळ सगळं मैलापाणी तसंच्या तसं समुद्रात जात असे. नैऋत्य भागातल्या शुद्धीकरण केंद्राचं काम १९८७ मध्ये सुरू झालं आणि सोव्हिएत संघाबरोबर कोसळलं. अर्धवट काँक्रीट वर्षानुवर्षं पडून राहिलं. शेवटी पैसे आले ते शेजाऱ्यांकडून: स्वीडन, फिनलंड, नॉर्डिक आणि युरोपीय बँकांकडून. हिशेब सरळ होता. हेलसिंकीच्या आधीच स्वच्छ असलेल्या सांडपाण्यातून आणखी एक किलो स्फुरद काढायला जो खर्च येतो, त्याच खर्चात पीटर्सबर्गमध्ये कितीतरी पट स्फुरद अडवता येतं, आणि पाणी तर एकच. सप्टेंबर २००५ मध्ये केंद्र सुरू झालं तेव्हा पुतिन, फिनलंडच्या अध्यक्ष तार्या हालोनेन आणि स्वीडनचे पंतप्रधान योरान पेर्शोन एकत्र उभे होते. आज त्या प्रसंगाचं छायाचित्र पाहताना वेगळंच वाटतं.

त्याच वर्षी फिनलंडमधल्या जॉन नुर्मिनेन प्रतिष्ठानने एक धंदेवाईक म्हणावं असं काम हाती घेतलं. जहाज व्यवसायातल्या कुटुंबाची ही संस्था. तिने मोर्चे काढले नाहीत. पीटर्सबर्गच्या पाणीपुरवठा कंपनीशी करार करून तिथल्या केंद्रांत स्फुरद रसायनाने खाली बसवण्याची यंत्रणा उभी केली. स्वस्त आणि लगेच परिणाम दाखवणारी गोष्ट. २०१३पर्यंत शहराचं ९८ टक्के सांडपाणी शुद्धीकरणातून जाऊ लागलं. मधे २०१२ मध्ये लुगा नदीत प्रचंड स्फुरद येतंय असं मोजणीत दिसलं, माग काढत गेल्यावर किंगिसेपच्या खत कारखान्याच्या टाकाऊ जिप्समच्या डोंगरातून ते पाझरत असल्याचं बाहेर आलं, आणि तेही अडवलं गेलं. फिनलंडच्या आखातातला फरक आकड्यांत दिसतो.

वॉर्साची कथा थोडी लाजिरवाणी आहे. युरोपीय संघातल्या एका राजधानीचं निम्मं मैलापाणी २०१२पर्यंत विस्तुला नदीत सरळ जात होतं. त्या वर्षी चायका इथलं केंद्र वाढवून नदीखालून वाहिनी टाकली. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती वाहिनी फुटली आणि घाण पुन्हा नदीत. दुरुस्त केली, तर २०२०च्या ऑगस्टमध्ये परत फुटली.

तरी शहरांच्या बाबतीत बाल्टिकचा हिशेब जमेचा आहे. कारखान्यांच्या रसायनांचाही. डीडीटी आणि पीसीबीवर बंदी आली, स्वीडन-फिनलंडमध्ये स्वयंसेवकांनी हिवाळ्यात गरुडांना विषमुक्त मांस टाकून जगवलं, आणि गरुड परत आले. करडे सील आता मोजणीत चाळीस हजारांवर भरतात. कोळी त्यांच्यावर वैतागले आहेत, ते जाळी फाडतात म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी ही तक्रार कुणाला सुचलीही नसती. चरबीयुक्त हेरिंगमध्ये डायऑक्सिन मात्र अजून आहे. स्वीडनमध्ये मुलांनी आणि मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांनी बाल्टिकची हेरिंग वर्षातून दोन-तीनदाच खावी असा सरकारी सल्ला आहे. युरोपीय मर्यादेपेक्षा जास्त डायऑक्सिन असलेला हा मासा विकण्यासाठी स्वीडन आणि फिनलंडने खास सूट घेतली आहे. आपला मासा सोडवत नाही; हे आपल्याला कुणी समजावायला नको.

जिथे नळ होता तिथे नळाला तोटी बसली. शेताला नळ नसतो. बाल्टिकमध्ये आज येणाऱ्या नत्र आणि स्फुरदात मोठा वाटा खतांचा आणि गोठ्यांचा आहे. ते हजारो ओढ्यांतून, जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून आणि अमोनियाच्या रूपाने हवेतूनही येतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये डेन्मार्कच्या गिलेलाय बंदरात मच्छीमारांनी गुदमरून मेलेल्या शेवंडांच्या टोपल्या आणल्या आणि त्या दूरचित्रवाणीवर दिसल्या. पाण्यातला प्राणवायू संपला होता. पुढच्या वर्षी डेन्मार्कने खतांवर कडक बंधनं आणली, आणि पुढच्या दोन दशकांत शेतातून झिरपणारं नत्र जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे शेतीतही करता येतं. पण २०१५च्या अखेरीस त्याच देशाने ती बंधनं सैल केली. २०२४च्या एप्रिलमध्ये तिथली वायले खाडी मेली म्हणून लोकांनी तिची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली.

२००७च्या नोव्हेंबरमध्ये पोलंडच्या क्राकुव शहरात बाल्टिक कृती आराखडा झाला. स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी समुद्राचं गणिती प्रारूप बनवून प्रत्येक देशाने किती टन नत्र आणि स्फुरद कमी करायचं त्याचा वाटा ठरवून दिला. शेती हा इतका नाजूक विषय असूनही देशांनी आपल्या नावापुढे आकडा मान्य केला, ही मोठी गोष्ट. मुदत २०२१ची. ऑक्टोबर २०२१ मध्ये ल्युबेकला मंत्री पुन्हा जमले आणि मुदत २०३०वर गेली. २०१६ ते २०२१ या काळाचा आढावा सांगतो की समुद्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अजूनही अतिपोषित आहे. उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाची साय धरते, ती मरून तळाला जाते, तिथला प्राणवायू खाते. शंभर वर्षांत प्राणवायू तुटपुंजा असलेल्या तळाचं क्षेत्र पाच हजारांवरून साठ हजार चौरस किलोमीटरवर गेलं.

इथे देशांवर थोडा अन्यायही होतो. स्फुरदाची आवक १९८०च्या दशकातल्या शिखरावरून १९५०च्या पातळीपर्यंत खाली आली आहे. पण तळाच्या गाळात साठलेलं स्फुरद प्राणवायू संपला की परत पाण्यात येतं आणि पुन्हा शेवाळाला खाऊ घालतं. उत्तर समुद्रातून खारं, प्राणवायूयुक्त पाणी कधीतरी जोराने आत शिरतं. डिसेंबर २०१४ मध्ये फार मोठा लोंढा आला होता. काही महिन्यांत त्याचा परिणाम ओसरला. कॉडची अंडी तग धरायला असंच खारं पाणी लागतं. १९८०च्या दशकात पूर्व बाल्टिकमधून वर्षाला चार लाख टनांच्या आसपास कॉड पकडला जाई. २०१९च्या जुलैत त्याची मासेमारी थांबवावी लागली. कॉडचा ऱ्हास हा प्राणवायू, हावरट मासेमारी आणि तापणारं पाणी, तिन्हींचा मिळून आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि या कराराचं काम पाहणाऱ्या हेलसिंकी आयोगाच्या औपचारिक बैठका थांबल्या. बाकीचे नऊ सदस्य, म्हणजे आठ देश आणि युरोपीय संघ, आपापसात भेटतात. रशिया करारातून बाहेर पडलेला नाही, पण पीटर्सबर्गच्या केंद्रांत उभं राहून एकत्र मोजण्याचे दिवस गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये बोर्नहोम बेटाजवळ वायूवाहिन्या स्फोटाने फुटल्या. आता जुनाट, धड विमा नसलेली तेलवाहू जहाजं रशियाचं तेल घेऊन याच अरुंद सामुद्रधुन्यांतून जातात. शीतयुद्धात जे टिकलं ते या युद्धात टिकलं नाही. तेव्हा दोन्ही गटांना एकमेकांशी बोलण्यासाठी एखादा निरुपद्रवी विषय हवा होता, आणि समुद्राची घाण हा तसा विषय होता. आज ती गरज मॉस्कोला वाटत नाही.

आपल्याकडे दक्षिण आशियाई समुद्रांचा कृती आराखडा मार्च १९९५ मध्ये दिल्लीतच मंजूर झाला आहे. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव त्यात आहेत. बंधनकारक करार मात्र अजून नाही, आणि नावानिशी यादी तर दूरची गोष्ट. २०२१ मध्ये कोलंबोजवळ जळालेल्या 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजातले प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले, २०२५च्या मे महिन्यात केरळजवळ बुडालेल्या 'एल्सा ३' जहाजातलेही दाणेच किनाऱ्याला लागले. दोन्ही वेळा ज्याने-त्याने आपापला किनारा झाडला.

२०३०ची मुदतही पाळली जाईल असं मला वाटत नाही. शहरांचं आणि कारखान्यांचं सोपं काम झालं. उरलंय ते शेतीचं. युरोपीय संघाचं शेती अनुदान कुठल्या अटींवर द्यायचं ते हेलसिंकीत ठरत नाही. बाल्टिकचा पुढचा निर्णय ब्रसेल्समध्ये, शेतीमंत्र्यांच्या बैठकीत व्हायचा आहे, आणि त्या बैठकीत आतापर्यंत समुद्राच्या बाजूने बोलणारे फार थोडे आहेत.