आजीच्या तोंडची वऱ्हाडी

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा हे वऱ्हाडी बोलीच्या पट्ट्यातले गाव. या पट्ट्यातल्या अनेक घरांत एकाच छपराखाली बोलण्याच्या तीन तऱ्हा ऐकू येतात. आजी निखळ वऱ्हाडी बोलते. तिची मुले-सुना घरात वऱ्हाडी आणि तहसिलीत किंवा बँकेत प्रमाण मराठी वापरतात. नातवंडांच्या तोंडी शाळेची मराठी असते, तिच्यात हिंदी-इंग्रजी मिसळलेले असते. त्यांना आजीचे सगळे कळते, पण तिला तिच्या बोलीत उत्तर देता येत नाही. आजी गेल्यावर तिच्या आठवणी निघतात तेव्हा सांगणारा अभावितपणे तिच्या बोलीवर येतो, कारण तिचे बोलणे प्रमाण मराठीत सांगितले तर ती आजी वाटतच नाही. अशा वेळी ती बोली घरात रोजच्या वापराची उरलेली नसते, फक्त आजीची नक्कल करण्यापुरती उरलेली असते.

बोलीची ओळख

वऱ्हाड म्हणजे मोटामोटी आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ हे जिल्हे. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे. १९०५ साली निघालेल्या या खंडात वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या मराठीची वेगळी दखल आहे. तेव्हा नोंदलेल्या बऱ्याच लकबी आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात सापडतात.

उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घातल्या आहेत, जवळ कोणी नाही आणि बाजेवर बसलेली आजी सुनेला बोलते आहे: ‘पापड उन्हात टाकले अन् कोनी राखनीले बसलं नाही? कावया येईन अन् समदं नासून जाईन.’ या दोन वाक्यांत वऱ्हाडीच्या मुख्य खुणा आल्या आहेत. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून कावळ्याचा कावया, डोळ्याचा डोया आणि शाळेची शाया होते. ‘ण’चा ‘न’ होतो. ‘ला’ या प्रत्ययाऐवजी ‘ले’ लागतो: मले, तुले, घराले. आणि ‘येईल’, ‘जाईल’ या तृतीयपुरुषी रूपांच्या जागी ‘येईन’, ‘जाईन’ येते. त्यामुळे ‘पाऊस येईन’ हे वाक्य पुण्यामुंबईच्या कानाला चुकीचे वाटले, तरी वऱ्हाडीच्या व्याकरणात ते अगदी बरोबर असते.

आणखीही खुणा आहेत. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘वि’मधला ‘व’ गळून ‘इ’ राहतो; विहिरीची इहीर आणि विस्तवाचा इस्तो होतो. माझा-तुझा यांचे माहा-तुहा होते. ‘तो जातो’ याऐवजी ‘तो जाते’ म्हणतात. चालू क्रियेसाठी ‘काय करून रायली?’ अशी रचना येते. बाईला हाक मारताना किंवा विचारताना वाक्याला ‘वं’ जोडतात, म्हणून सुनेला किंवा नातीला आजी ‘काऊन वं?’ असे विचारते. नातू आजीला ‘तू’ म्हणतो, सून मात्र तिलाच ‘तुम्ही’ म्हणते.

ध्वनी बदलले तरी बोलीची लय मोडत नाही. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही सर्वांच्या परिचयाची म्हण वऱ्हाडात ‘काखेत कयसा अन् गावाले वयसा’ होते. दोन्ही ‘ळ’ एकाच नियमाने बदलतात आणि यमक जुळलेलेच राहते.

आजीची सत्ता

शेतकरी कुटुंबात आजीचा दरारा होता तो तिच्या हातातल्या कामांमुळे. धान्याच्या कोठीवर तिची नजर असे. बियाणे निवडणे, डाळी करणे, वर्षभराचे तिखट-मीठ, गाभण म्हशीची देखभाल, बाळंतिणीचे खाणेपिणे, लग्नातला मानपान या सगळ्यात तिचा शब्द शेवटचा असे. ही कामे बोलून करवून घ्यायची असत. म्हणूनच तिच्या बोलीत हुकूम, टोमणे, इशारे आणि म्हणी यांचा भरणा आढळतो. ‘सांजीच्या टायमाले कवाडात बसू नोको’ असे ती म्हणाली की त्यावर चर्चा होत नसे.

शब्दसंपत्तीही या कामांतूनच आलेली आहे. शेत म्हणजे वावर. कपाशीचे झाड म्हणजे पऱ्हाटी आणि मळणीनंतर उरणारा भुसा म्हणजे कुटार. पेरणीला तिफन, आंतरमशागतीला डवरा आणि तण काढायला निंदन. स्वयंपाकघरात कोथिंबिरीला सांबार, शेंगदाण्याला फल्ली आणि बटाट्याला आलू. काम बंद पडले की शब्दही विसावतो. ट्रॅक्टरने पेरणारा नातू तिफन हा शब्द ओळखतो, पण तिच्या एकेका भागाचे नाव त्याला सांगता येत नाही. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते कोपऱ्यात गेले, तेव्हा दळताना गायल्या जाणाऱ्या ओव्यांची वेळच राहिली नाही.

माहेरची बोली, सासरची बोली

एका घरातली बोली गावातल्या इतर घरांसारखी तंतोतंत नसते, याला सोयरीक हे मोठे कारण आहे. बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा विभागलेला आहे. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग घाटाखालचा. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा. घाटावरची बोली जालन्याकडे सरकताना मराठवाडी वळण घेते. पश्चिमेला मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशाशी जोडणारी लेवा गणबोली कानी पडते. उत्तरेला सातपुड्यात कोरकूसारखी वेगळ्याच भाषाकुळातली भाषा आहे.

मुली लग्न होऊन या सीमा ओलांडतात. मलकापूरकडची मुलगी खामगाव तालुक्यात सून म्हणून येते तेव्हा माहेरचे हेल, नात्यांची नावे आणि पदार्थांची नावे घेऊनच येते. काही शब्दांवरून सुरुवातीला तिची थट्टा होते, ती काही टाकून देते, काही टिकवते. पुढे तीच घरची कर्ती बाई झाली की तिने टिकवलेले शब्द मुलानातवंडांचे होतात. म्हणून एखाद्या कुटुंबाची बोली समजून घ्यायची तर आजी कुठल्या गावची लेक, हे आधी विचारावे लागते.

म्हाताऱ्यांसाठी लिहिलेली मराठी

वृद्ध स्त्रियांच्या बोलीशी वऱ्हाडचे नाते फार जुने आहे. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ते मराठीतले आद्य गद्य चरित्र मानले जाते. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून, त्यांची शहानिशा करून म्हाइंभटांनी हा ग्रंथ उभा केला. सांगणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखली जाणारी महदंबा याच मंडळींतली.

पंथाचे आचार्य नागदेव यांच्याविषयीचा प्रसंग ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे. पंथातले केशिराजबास संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या या ज्ञानाला मुकतील, असे कारण त्यांनी दिले. पंथाची भाषा ठरवताना संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा विचार निर्णायक ठरला.

प्रमाण मराठीची घडण मात्र पुढे दुसरीकडे झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, पाठ्यपुस्तके मुंबई इलाख्यात तयार झाली आणि लेखनाचा नमुना पुण्याकडचा ठरला. वऱ्हाड त्या काळी निजामाच्या ताब्यात होते. इंग्रजांकडे त्याचा कारभार आला तो १८५३ साली. शाळेची भाषा वऱ्हाडात बाहेरून तयार होऊन आली आणि घरची भाषा ‘अशुद्ध’ ठरली.

छापील पानावर

तरीही विसाव्या शतकात या बोलीला मोठे वक्ते आणि लेखक लाभले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनात वऱ्हाडी सोडली नाही. श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत त्यांची कीर्तने रंगत. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतली कौतिक परिस्थितीशी झुंजत घर सावरू पाहते. तिचा कणखरपणा वाचकाला भिडतो तो तिच्या वऱ्हाडी संवादांतून. गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये पूर्णेकाठचे जग याच बोलीत आणले. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांनी ‘मेड इन इंडिया’ या कादंबरीत संवादांपुरते न थांबता निवेदनही वऱ्हाडीत केले. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांनी कवितेत ही बोली गाजवली. बुलढाण्याचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शेतकरी घरातली भांडणे आणि जिव्हाळा त्यात तिथल्याच बोलण्यातून येतो.

घरातल्याच माणसांनी बाईची बोली टिपून ठेवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र शेजारच्या खानदेशातले आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले, संसार एकटीने ओढावा लागला. दळताना, शेतात काम करताना सुचेल ते त्या गात. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातले काही लिहून घेतले. बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. वहीत न उतरलेले पुष्कळसे काव्य त्यांच्याबरोबरच गेले. लिहून घेणाऱ्यांनी त्या गाण्यांची ‘शुद्ध’ मराठी केली नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

इटलीतल्या आज्या

बोली जुन्या पिढीपुरती उरणे जगभर घडते, पण इटलीचा दाखला विशेष बोलका आहे. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले, तेव्हा प्रमाण इटालियन वापरू शकणारे लोक भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या हिशेबाने शेकडा अडीचच होते. बाकीचे व्हेनेतो, नापोली, सिसिली अशा आपापल्या प्रांतांच्या बोली बोलत. या बोली प्रमाण इटालियन बिघडून झालेल्या नाहीत. लॅटिनपासून त्या स्वतंत्रपणे वाढल्या आणि त्यांतल्या तोस्कानाच्या बोलीला प्रमाणपद मिळाले. शाळा, सक्तीची लष्करी नोकरी, शहरांकडचे स्थलांतर आणि १९५४ पासूनचे दूरचित्रवाणी प्रसारण यांनी शंभरेक वर्षांत चित्र पालटले. २०१५ च्या सरकारी पाहणीत घरात मुख्यतः बोलीच वापरणारे शेकडा १४ च्या आसपास उरले होते आणि त्यांत वयस्कांचे प्रमाण मोठे होते.

स्थलांतरितांकडे मात्र काही बोली टिकल्या. व्हेनेतोकडून दक्षिण ब्राझीलमध्ये गेलेल्या कुटुंबांची ‘तालियान’ ही बोली २०१४ साली ब्राझीलने आपला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्य केली. ती टिकली कारण वस्तीत शेती, चर्च आणि शेजार सगळे त्याच बोलीत चालत होते. नुसत्या जिव्हाळ्यावर बोली टिकत नाही. तिला रोजचे काम लागते.

आठवण टिपून ठेवताना

बोली टिपून ठेवण्याचे काम संस्थांनीही केले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले असून प्रत्यक्ष बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे खुली ठेवली आहेत. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात (२०१३) वऱ्हाडीचाही समावेश आहे.

संस्था गावोगाव पोहोचल्या तरी प्रत्येक घरात पोहोचत नाहीत. घरच्या माणसाला साध्या मोबाईलवरही चांगली नोंद करता येते, फक्त काही पथ्ये पाळावी लागतात. आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन मुद्रण करावे. ‘याला काय म्हणतात’ असे सुटे शब्द विचारले की उत्तर बहुधा पाहुण्यापुढचे, सावरलेले मिळते. त्याऐवजी मांडे, रोडगे किंवा वाळवण करताना ती सुनेला कशी सांगते, ते टिपावे. बोली तिथे मोकळी होते. आजीचे माहेर, लग्नाचे वर्ष आणि ती कुठे कुठे राहिली, याची नोंद मुद्रणासोबत ठेवावी. लिहून काढताना ‘डोया’चे ‘डोळा’ करू नये. उच्चार होतो तसाच लिहावा आणि अर्थ शेजारी द्यावा. नात्यांची नावे, हाका, शिव्या, आशीर्वाद आणि म्हणी यांची वेगळी यादी करावी, कारण कोशात नेमके हेच कमी सापडते. मुद्रणाच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात.

नोंद झाली म्हणजे बोली जगली असे होत नाही. त्यासाठी नातवंडांनी ती बोलावी लागते आणि बोलल्यावर त्यांना कोणी हसता कामा नये. प्रमाण मराठी शाळेत मिळतेच, घरची वऱ्हाडी तिच्या आड येत नाही. वऱ्हाडात दोन्ही सहज बोलणारी मधली पिढी आज हयात आहे, आणि आजीला वऱ्हाडीत उत्तर द्यायला मुलांना शिकवणे त्या पिढीच्या हातात आहे.