बाबा, बॉल आणि बंद पडलेला फ्लिपर

शाळेत असताना दादाच्या किंवा मामाच्या कम्प्युटरवर विंडोज एक्सपीमधला 'स्पेस कॅडेट' खेळलाय ना? तोच पिनबॉल, पण खराखुरा. लाकडी पेटी, काच, स्टीलचा बॉल आणि कानठळ्या बसवणारी घंटी. असं मशीन घरात असेल आणि ऐन दिवाळीत बंद पडलं तर?

माझा एक मित्र पुण्यात आयटीत आहे. दोन वर्षं शिकागोला ऑनसाइट होता. लोक येताना चॉकलेट्स आणि परफ्यूम आणतात. या पठ्ठ्याने घरसामानाबरोबर 1970च्या दशकातलं पिनबॉल मशीन आणलं. वन बीएचकेमध्ये ते मावेना, म्हणून रवानगी झाली थेट गावी, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावला. बाबा एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. "हे काय आणून ठेवलं बे?" ही त्यांची पहिली रिअ‍ॅक्शन. महिनाभरात गल्लीतली पोरं नंबर लावून उभी आणि बाबा स्कोअर लिहायला वही घेऊन!

शिकागो हे या खेळाचं माहेरघर. स्प्रिंगने बॉल उडवण्याच्या युक्तीचं पेटंट मॉण्टेग्यू रेडग्रेव्हने 1871 मध्ये घेतलं. 1931 मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीचा 'बॅफल बॉल' तुफान चालला. पण बॉल परत वर मारणारे फ्लिपर आले ते 1947 मध्ये, त्याच कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त. त्याआधी बॉल सोडायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा! म्हणून तर न्यूयॉर्कने 1942 मध्ये याला जुगार ठरवून बंदी घातली. 1976 मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेच्या समितीसमोर बॉल कुठून जाणार ते आधी सांगून तसाच घालवून दाखवला. हा कौशल्याचा खेळ आहे हे पटलं आणि बंदी उठली.

तर दिवाळीच्या आदल्या दिवशी महागावात डावा फ्लिपर गेला. जळका वास, मग सामसूम. मित्र वैतागला. "विकून टाकू बाबा. पुण्यात एक कॅफेवाला शोपीस म्हणून घेतोय."

बाबा काही वेळ गप्प. मग एवढंच म्हणाले, "चालत नाही म्हणून विकतोस का?"

मी पाहुणी म्हणून गेले होते. त्या वाक्यानंतर कोणीच काही बोललं नाही. मित्राने गुपचूप स्क्रू ड्रायव्हर आणला.

जुन्या मशीनमध्ये चिप-बिप काही नसतं. रिले, कॉइल आणि शेकडो पत्र्याचे स्विच, एवढाच मामला. बटण दाबलं की कॉइलमध्ये करंट जातो, ती लोखंडी दांडा आत खेचते आणि फ्लिपर उडतो. गंमत पुढे आहे. या कॉइलला दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं फटका मारायला, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवायला. फ्लिपर पूर्ण उचलला की एक छोटा स्विच उघडतो आणि करंट बारीक तारेतूनही जायला लागतो, म्हणजे कमी होतो. हा स्विच कळकटला तर फ्लिपर मरगळतो. उघडलाच नाही तर पूर्ण करंट वाहत राहतो आणि कॉइल जळते.

मित्र लगेच मोबाइलवर नवी कॉइल शोधायला लागला. बाबांनी थांबवलं. "आधी ती का जळली ते पाह्य. नाहीतर नवीपण जळीन." एसटीची सवय! टॉर्च मारून पाहिलं, तर स्विचची पाती वाकून एकमेकींना चिकटलेली. आधी त्या सरळ केल्या.

आता कॉइल. अमेरिकेहून मागवायची तर वेळ जाणार. पण शेतीच्या मोटारी भरणारा रिवाइंडिंगवाला कुठल्या तालुक्याला नसतो? दुकानातल्या काकांनी जळकी कॉइल सोडवत वेढे मोजले आणि विचारलं, "गेज कोणता?" इथेच घोळ होतो. अमेरिकेत एडब्ल्यूजी मोजतात, आपल्याकडे एसडब्ल्यूजी. 24 एडब्ल्यूजी म्हणजे 0.51 मिलिमीटर, 24 एसडब्ल्यूजी म्हणजे 0.56. आकडा तोच, तार वेगळी! मायक्रोमीटरने मिलिमीटरमध्ये मोजलं आणि प्रश्न मिटला.

तुमच्याकडेही असं धूड असेल तर...

* प्लग आधी काढा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका.
* फ्यूज त्याच रेटिंगचा. तारेचा तुकडा गुंडाळायचा देशी जुगाड इथे नको. आग लागू शकते.
* व्होल्टेज बघा. अमेरिकन मशीन साधारण 115 ते 120 व्होल्टचं, आपला सप्लाय 230चा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मशीनवर लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या.
* तेल फवारू नका. कॉइलच्या नळीत धूळ चिकटते, शिवाय स्विचमध्ये ठिणग्या उडतात. नळी पुसा, झिजली असेल तर बदला.
* स्विच साफ करा, पण जपून. फ्लिपरच्या जाड काँटॅक्टवर बारीक कानस चालते. इलेक्ट्रॉनिक मशीनमधल्या सोन्याचा मुलामा असलेल्या काँटॅक्टमध्ये फक्त कोरं व्हिजिटिंग कार्ड सरकवा.
* बॅटरी तपासा. 1970च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये बोर्डावर बॅटरी असते. ती गळली की बोर्ड खाते.
* बॉल आणि रबर बदला. ओरखडे पडलेला बॉल खेळाच्या पृष्ठभागावर सँडपेपरसारखा फिरतो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी कॉइल बसवली. मित्राने बटण दाबलं. खट्! फ्लिपर उडाला. बाबांनी मात्र काच लावू दिली नाही. बटण दाबून धरायला लावलं, स्विच उघडतोय ना ते वाकून पाहिलं, कॉइल तापतेय का ते प्लग काढून हाताने चाचपलं. मगच वही उघडली.

कॅफेवाल्याला 'सॉरी'चा मेसेज गेलाय. आधी बापलेकांचा फोन "जेवला का?" "हो" इथेच संपायचा. आता दर रविवारी अर्धा तास चालतो. गेल्या वेळी मी शेजारीच होते. पलीकडून बाबा सांगत होते, "उजवा थोडा नरम पडून राहिला. आला की पाहू. तोवर हात लावत नाही मी."

मित्राने शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय.