युक्रेनियन भाषेतील अचेतन कर्म

युक्रेनियन शिकू लागलेल्या मराठी माणसाने द्वितीयेची धास्ती घेण्याचे कारण नाही. आपण ‘भावाला पाहतो’, पण ‘टेबल पाहतो’. हाच विवेक तेथेही आहे. ‘बाचू’ म्हणजे ‘मी पाहतो’. ‘ब्रात’ (भाऊ) याचे ‘बाचू ब्राता’ होते. परंतु पुल्लिंगी ‘स्तिल’ (टेबल) व नपुंसकलिंगी ‘विक्नो’ (खिडकी) ही अचेतन नामे सामान्यतः प्रथमेप्रमाणेच राहतात.

स्त्रीलिंगापाशी मात्र मराठीची सवय फसविते. तेथे अचेतन नामाच्याही अंत्य ‘आ’चा ‘ऊ’ होतो : ‘क्निहा’ (पुस्तक), ‘बाचू क्निहू’. व्यंजनान्त ‘सिल’ (मीठ) तेवढे बदलत नाही. शिवाय आपली खिडकी तेथे नपुंसकलिंगी, तर पुस्तक स्त्रीलिंगी! म्हणून विद्यार्थ्याने प्रत्येक नाम त्याच्या लिंगासहच पाठ करावे. द्वितीयेची किल्ली तेथेच आहे.